दादाच्या कॅमेऱ्याचं नवं भिंग

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव गेनू. त्याला जे सांगाल ते तो करायचा. कमी नाही, जास्त नाही. आईनं एकदा सांगितलं, "गेन्या, दुधाकडं बघत बस." गेनू बघत बसला. दूध उतू गेलं, चूल विझली. गेनू बघतच होता.

त्याचा थोरला भाऊ सर्जेराव फोटो काढायचा. लग्न, बारसं, बैलांची जोडी, काहीही. कॅमेरा जुना होता, उखळासारखा जड. बघायची खिडकी वर, भिंग खाली. भिंगाला बुरशी आली, म्हणून दादानं ते मोडीत दिलं आणि पुण्याहून नवं मागवलं. मग तीन दिवस ताप आला आणि दादा गेला.

पार्सल तेराव्याला आलं. पोस्टमन नवखा होता. म्हणाला, "सर्जेरावांना बोलवा. सही पाहिजे."

गेनू परसात गेला. दोन हाका मारल्या. परत येऊन म्हणाला, "येत नाही."

आई म्हणाली, "गावभर लोकांचे फोटो काढत हिंडला. भिंतीवर लावायला त्याचा एक नाही."

"आहे की," गेनू म्हणाला. "कॅमेऱ्यात आहे. मी काढलाय."

खरंच होतं. दादा अंगणात उभा राहिला होता. म्हणाला होता, "मी हां म्हटलं की बटण दाब." गेनूनं विचारलं, "दादा, उभा आहेस ना?" दादा म्हणाला, "हां, पण थांब—" गेनूनं दाबलं. तो तेहतिसावा फोटो. रोल छत्तिसाचा. तीन उरले होते. आणि दादा नेहमी सांगायचा, रोल संपल्याशिवाय बाहेर काढायचा नाही.

मिरजेला पायगोंडाअण्णा कॅमेरे दुरुस्त करायचे. आईनं त्यांना भिंग आल्याचं कळवलं. त्यांचा निरोप आला, कॅमेरा घेऊन ये. गेनू कॅमेरा घेऊन गेला.

"भिंग कुठाय?" अण्णा म्हणाले.

"घरी. तुम्ही कॅमेरा म्हणालात."

अण्णांनी कपाळाला हात लावला. "बरं, रोल आत्ताच गुंडाळून काढतो."

गेनूनं कॅमेरा पोटाशी धरला. "संपला नाही."

"अरे, तीनच तर राहिलेत!"

"दादानं सांगितलंय."

अण्णांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मग म्हणाले, "तर मग ऐक. कॅमेरा जुना, भिंग नवं. नवं आलं म्हणून लगेच आत घ्यायचं नाही. आधी मागची बाजू बघायची. मागनं फार बाहेर आलेलं असलं तर आतलं कापड फाटतं. कापड फाटलं की उजेड शिरला. उजेड शिरला की तुझ्या दादाचा फोटो गेला. कळलं?"

"कळलं," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दारात शाळेतल्या नव्या बाई आल्या. आईला भेटायला आल्या होत्या. गेनू उंबऱ्यावर आडवा झाला.

"तुम्ही नव्या का?"

"हो. परवाच आले."

"मग मागं वळा."

बाई वळल्या. गेनूनं मान तिरकी करून नीट बघितलं. "नाही जमायचं. मागनं फार बाहेर आलंय. आतलं कापड फाटेल."

बाईंनी छत्री पाठीत घातली.

गेनू पाठ चोळत मिरजेला गेला. या खेपेला भिंग आणलं. कॅमेरा नाही आणला, कारण अण्णा भिंगाबद्दल विचारत होते. छत्री का बसली, तेही त्यानं सांगितलं.

"अरे येड्या, ते भिंगाचं सांगितलं होतं, बाईमाणसाचं नव्हे!" अण्णा हसून लाल झाले. मग भिंग उलटं करून बघितलं. "मागनं बरं आहे. आटेही जुळतील. पण चढवायचं हलक्या हातानं. अडलं की थांब. उलटं फिरव, पुन्हा पहिल्यापासून. जबरदस्ती करायची नाही. आणि पुढच्या वेळी काही म्हणजे काही घरी ठेवू नकोस."

गेनू घरी जायला एसटीत चढला. दारातच गर्दीत अडला. अडला म्हणून थांबला.

"पुढं सरका की राव!" कंडक्टर म्हणाला.

"अडलंय. जबरदस्ती करायची नाही," गेनू म्हणाला. तो उलटा फिरला, खाली उतरला आणि पुन्हा पहिल्यापासून चढला. पुन्हा अडला. पुन्हा उतरला. तिसऱ्यांदा उतरल्यावर कंडक्टरनं घंटी मारली. गेनू अकरा मैल चालत घरी आला. हलक्या पावलानं.

तिसऱ्या खेपेला अण्णांनी दुकानाबाहेर बघितलं तर टेम्पो उभा. त्यात कॅमेरा, भिंग, आई, शेळी, पाटा-वरवंटा आणि दोन गोधड्या.

"हे काय रे?"

"तुम्हीच म्हणालात, घरी काही ठेवू नकोस. चूल तेवढी निघाली नाही."

आईनं डोईवरचा पदर सावरला. "अण्णा, तुमी ह्याच्याकडं बघू नका. एवढं माझं पोरगं भिंतीवर लावून द्या."

अण्णांनी भिंग हातात घेतलं. हलकेच फिरवलं. अडलं नाही. बसलं. कुठं घासत नाही, हे कानानं ऐकलं. मग कॅमेरा गेनूच्या हातात दिला. "जा, तुझे तीन फोटो काढ. खिडकीतून बघ. आधी दोन दोन दिसतील. भिंग फिरव. दोनाचा एक झाला की दाब. एक झाल्याशिवाय दाबू नकोस."

गेनू बाहेर आला. शेजारी चहाचा गाडा होता. गाडा चालवायचे भरमाप्पा आणि सिद्धाप्पा, दोघं जुळे भाऊ. तेच नाक, तीच मिशी. गेनूनं खिडकीतून बघितलं. दोन दिसले. त्यानं भिंग फिरवलं. दोनच दिसले. पुन्हा फिरवलं. दोनच.

"जरा जवळ या," गेनू म्हणाला.

ते जवळ आले.

"अजून. एक व्हा."

"आँ?"

गेनूनं कॅमेरा गळ्यात सोडला, दोघांची मुंडकी धरली आणि एकमेकांवर आपटली. दोघं ओरडले. गेनूनं बघितलं. अजून दोनच. पुन्हा आपटली. भरमाप्पानं सांडशी उचलली. सिद्धाप्पानं किटली उचलली. दोघं एकाच वेळी गेनूच्या अंगावर धावले आणि धावता धावता एकामागं एक आले.

"एक झाले!" गेनू ओरडला. त्यानं तीन वेळा दाबलं आणि दुकानात पळाला.

रोल संपला.

अण्णांनी एक काळी पिशवी काढली. पिशवीला दोन बाह्या होत्या, सदऱ्यासारख्या. कॅमेरा पिशवीत घातला, तोंड बंद केलं आणि बाह्यांतून आत हात घातले. आतल्या आत चाचपून रोल काढायला लागले.

"बघू," गेनू म्हणाला.

"खबरदार! उजेडाची तिरीप जरी लागली तरी तुझा दादा गेला."

गेनू पांढरा पडला. "पुन्हा?"

"पुन्हा," अण्णा म्हणाले. त्यांचं ध्यान हातात होतं.

टेम्पो आई, शेळी आणि गोधड्या घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी गेनू एकटाच आला. अण्णांनी मोठा फोटो करून ठेवला होता. बुरशीच्या भिंगातून काढलेला, म्हणून कडा जरा धुकट. मधे दादा. एक हात वर, तोंड उघडं, थांब म्हणतोय.

अण्णांनी तो कौतुकानं दारातल्या उन्हात धरला. "बघ, कसा आलाय!"

"अण्णा, उजेड!" गेनूनं किंचाळून फोटो ओढला, काळ्या पिशवीत कोंबला, तोंड बंद केलं आणि पिशवीसकट गाव गाठलं.

आता तुम्ही त्या घरी गेलात तर भिंतीवर खिळ्याला एक काळी पिशवी दिसेल. दोन बाह्या खाली लोंबतात. वर झेंडूचा हार. पाहुणे विचारतात, "हा काळा सदरा कुणाचा?"

"सदरा नाही," गेनू सांगतो. "दादा आहे."

"अरे, मग बाहेर काढ की!"

"काढला तर पुन्हा जाईल."

आईनं पहिले दोन दिवस शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ती पिशवीसमोर उभी राहिली आणि बाह्यांतून आत हात घातले. आता रोज घालते. आतल्या आत फोटोवरून बोटं फिरवते.

"गेन्या, तोंड कुठं रे त्याचं?"

"वर, मधोमध," गेनू सांगतो. "हलक्या हातानं, आई. अडलं की थांब."