पुढची दोरी

फार पूर्वी, गाडीरस्ते नव्हते आणि मीठ बैलाच्या पाठीवरून गावोगाव जायचं, तेव्हाची ही गोष्ट. एका तांड्यात साठ बैल होते. पुढच्या बैलाची दोरी धरून तांड्याचा नाईक पायी चालायचा आणि बाकीचे बैल मुकाट त्याच्या मागं. रीत अशी की दोरी धरणाऱ्यानं पाण्यात उतरल्यावर मागं वळायचं नाही. तो वळला की दोरी सैल पडते, पुढचा बैल थांबतो, आणि एक थांबला की साठही थांबतात.

तांड्याच्या शेपटाला सकरू नावाचा माणूस होता. वीस वर्षं तिथंच. कामाला वाघ, पण एक खोड वाईट. काहीही बोलला की शेवटी विचारायचा, "बरोबर ना?" नाईकाचा मेहुणा त्याला चिडवायचा, "हा जेवायला बसला तरी बायकोला विचारतो, मला भूक लागलीय, बरोबर ना?" सगळे हसायचे. सकरूही हसायचा. असं हसून हसून माणूस आणखी बारीक होतो, पण ते कोण बघतो.

एकदा घाट उतरताना नाईकाचा पाय मोडला. पुढं नदी, आणि वर डोंगरात पाऊस झालेला. गढूळ पाणी चढायला लागलं होतं. थांबावं तर नदी पंधरा दिवस अडवणार, आणि पीठ उरलेलं दोन दिवसांचं. उतरावं आणि वाट चुकावी, तर बैलही जाणार आणि माणसंही.

नाईकाला दुसऱ्या बैलावर बसवलं होतं. तो म्हणाला, "दोरी सकऱ्याकडं द्या."

मेहुणा म्हणाला, "दाजी, पाय मोडलाय की डोकं? जन्मभर शेपटाला राहिलेला माणूस तो."

"म्हणूनच. पुढचा नुसतं पाणी बघतो. कुठला बैल कुठं घसरला, ते मागचा बघतो. ही नदी त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. फक्त हे त्याला ठाऊक नाही."

सकरू दोरी धरून पाण्यात उतरला. मधोमध पाणी कमरेला लागलं आणि जुनी खोड उसळली. तो मागं वळला. "उजवीकडून घेऊ, बरोबर ना?"

झालं. मेहुणा म्हणाला डावीकडून. एक म्हणाला परत फिरा. एकानं देवाचा धावा सुरू केला. विचारलं की लोक सांगणारच, ठाऊक असो नसो. दोरी सैल पडली. साठ बैल धारेत उभे राहिले आणि मिठाच्या गोण्यांचे तळ भिजायला लागले.

सकरूनं नाईकाकडं बघितलं. नाईकानं नुसतं दोरीकडं बोट दाखवलं. मग सकरूची नजर दोरीवरून पुढच्या बैलावर गेली. बैल कान टवकारून त्याच्याकडंच बघत होता. आपण सगळ्यांना विचारतोय आणि हा आपल्याला विचारतोय, हे सकरूला तेव्हा उमगलं. बैलाला उत्तर देणारा तिथं दुसरा कुणी नव्हता.

त्यानं दोरी ताणली. "उजवीकडून. तिथं पाण्याखाली सलग खडक आहे. वीस वर्षांत त्यावर एक बैल घसरलेला नाही. पाण्याकडं बघू नका, माझ्या पाठीकडं बघा."

आणि निघाला. पाणी छातीला आलं तरी वळला नाही. धारेच्या आवाजात मागं कुणी येतंय का, तेही ऐकू येईना, तरी वळला नाही. पलीकडच्या वाळूला पाय लागले तरी गडी ताठ मानेनं चालतोच आहे. शेवटी नाईक म्हणाला, "अरे, आता वळ की बाबा."

सकरू वळला. साठही बैल वाळूत उभे राहून अंग झाडत होते. सगळ्यात शेवटी, शेवटच्या बैलाचं शेपूट धरून, गळ्यापर्यंत भिजलेला मेहुणा बाहेर आला.

नाईकानं दोरी परत मागितली नाही.

संध्याकाळी चुली पेटल्या. मेहुणा भाकरी घेऊन सकरूजवळ आला आणि हळूच म्हणाला, "वाढू का, नाईक? भूक लागली असेल, बरोबर ना?"

"लागलीय," सकरू म्हणाला. "दोन वाढ."

तात्पर्य एवढंच: विचारायचं ते काठावर विचारून घ्यावं. पाण्यात उतरल्यावर ज्याचा स्वतःवर भरवसा नाही, त्याच्या मागं बैलसुद्धा येत नाही.