मंजुळेची वावटळ

एका राज्यात उदाजी नावाचा तरुण होता. बहिणीच्या चितेपाशी उभा राहून त्याने साऱ्या दरबाराला विचारले, "ताईने डोळे मिटले तेव्हा तिच्याजवळ कोण होते?" जो तो जमिनीकडे पाहू लागला. पुढेही कधी त्याला उत्तर मिळाले नाही.

ताई म्हणजे त्या राज्याची राणी. उदाजी मात्र घोडे शिकवणारा. घोड्यांच्या पाठीवर डागलेली अक्षरे तेवढी त्याला वाचता येत. रागाला पुढे, विचाराला मागे. तेरावे झाल्यावर तो घरी परतणार होता, पण भाचीसाठी थांबला.

भाचीचे नाव मंजुळा. ती बरी असली की हौदातल्या माशांची लग्ने लावायची, हत्तीला कोडी घालायची, आणि हत्ती चुकला की पोट धरून हसायची. पण एकाएकी तिच्या केसांतून वावटळ उठे. मग ती किंचाळे, चावे, स्वतःचेच डोके भिंतीवर आपटे. समया छताला जाऊन चिकटत, पातेली अंगणात नाचत. त्या राज्याची रीत अशी, की वावटळ उठली की नगारा वाजवायचा, सगळी दारे लावायची आणि राजकन्येला बुरुजातल्या खोलीत कोंडायचे. कडी राजा सोमकेतू स्वतः लावी, आणि दाराबाहेर बसून तोच रडे.

एके दिवशी दरबारात एक जादूगार आला. त्याच्याजवळ तांब्याचा हंडा होता. म्हणाला, "महाराज, पौर्णिमेला पोर या हंड्यात घाला. शांत मुलगी परत देईन."

"हसेल ती?" राजाने विचारले.

"ना हसेल, ना रडेल."

राजा फार थकला होता. त्याने मान डोलावली.

उदाजीने हंड्याला लाथ घातली. पाय सुजला, हंडा तसाच राहिला. लंगडत तो नदीकाठी गेला. तिथे एक टिटवी उताणी पडून पायांवर आभाळ पेलत होती.

"जरा बाजूला रड," ती म्हणाली, "माझा तोल जाईल."

उदाजीने तिला सगळे सांगितले. टिटवी म्हणाली, "शाप आहे खरा. तीन कामे कर. धावणाऱ्यापासून पळणारे एक तळे आहे, त्याचे पाणी आण. शिव्या देणारा एक राक्षस आहे, त्याची घोंगडी आण. तिसरे काम परत आल्यावर तुझे तुलाच कळेल."

"आणि नाही कळले तर?"

"तर माझ्याहून वेडा ठरशील. आणि मी आभाळ पेलते."

उदाजी तळ्याकडे धावत सुटला. तळे पुढे, हा मागे. शेवटी त्याने सूर मारला, तो चिखलात तोंडावर पडला. काठचे बेडूक हसले. तेव्हा त्याला बुजरी शिंगरे आठवली. तो तळ्याकडे पाठ करून बसला आणि इकडचे तिकडचे बोलू लागला. बोलता बोलता पाणी हळूहळू आले आणि त्याच्या तळव्यांना चाटू लागले. त्याने बुधली भरून घेतली.

राक्षसाच्या गुहेपुढे दगडाचे पुष्कळ वीर उभे होते, सगळ्यांची तोंडे उघडी. राक्षसाला जो उलटून बोले, तो दगड होई.

"ये रे ये, लिदीतल्या किड्या!" राक्षस गरजला. उदाजीने भाकरीचे गाठोडे खाली ठेवले. "तुझी बहीण तुला कंटाळून मेली!"

उदाजीच्या मुठी वळल्या. जीभ शिवीसाठी उठली आणि टोकाकडून दगड होऊ लागली. त्याने ती आवरली. डोळ्यांतले पाणी मात्र वाहू दिले. मग त्याने विचारले, "जेवलास का?"

"काय म्हणालास?"

"जेवलास का, म्हटले. एवढा ओरडतोयस."

राक्षस मटकन खाली बसला. "हे मला आजवर कोणी विचारले नव्हते," तो म्हणाला. उदाजीच्या सगळ्या भाकरी खाऊन त्याने घोंगडी दिली, आणि मागून ओरडला, "ठेचा अळणी होता रे, गाढवा!"

उदाजी परतला तो दिवस पौर्णिमेचा. नगारा वाजत होता, दारे लागली होती, जादूगार हंडा घासत होता. उदाजीने बुरुजाची कडी काढली, दार सताड उघडे टाकले आणि आत जाऊन जमिनीवर बसला.

"चालता हो, मामा! मर तू!" मंजुळेने पाट फेकला. ती त्याच्या हाताला कडकडून चावली.

"मी इथेच बसलोय, बाळा."

ती भिंतीकडे धावली, तेव्हा त्याने तिच्या डोक्याआड घोंगडी धरली. वावटळ तरी शमेना. उदाजीने बाहेर पाहिले. राजा उंबऱ्यापाशी उभा होता. तिसरे काम उदाजीला कळले.

"दाजी, आत या."

"मला भीती वाटते, उदाजी."

"मलाही वाटते. या."

फार पूर्वी कोणा मांत्रिकाने त्या घराण्याला शाप दिला होता, की इथला भ्यालेला बाप दाराबाहेरच राहील. राजा आत आला, लेकीशेजारी बसला, आणि शाप संपला. राज्यातल्या सगळ्या कड्या मेणासारख्या वितळल्या. हंडा आक्रसून लोटीएवढा झाला. ती घेऊन जादूगार लगबगीने शेताकडे निघाला. कोणी त्याला अडवले नाही.

मंजुळा दमून म्हणाली, "बाबा, पाणी." राजाने तळ्याचे पाणी तिला पाजले.

वावटळ पुढेही येई, कारण ती मंजुळेबरोबरच जन्मली होती. पण आता नगारा वाजत नसे. जो जवळ असेल तो खाली बसे, मग तो आचारी असो की माहूत. हळूहळू वावटळीची चावायची, आपटायची सवय मोडत गेली. प्रधानाची पगडी उडाली, तर मंजुळाच ती शोधून आणी आणि म्हणे, "काका, दोरी बांधत जा."

मग उदाजीला आपले घोडे आठवले. निघायच्या दिवशी दुपारी त्याने पाहिले, राजा बसल्या बसल्या पेंगत होता.

"दाजी, आडवे व्हा."

"आणि मंजुळा?"

"माझ्याबरोबर पोहायला येतेय. दिवस मावळेतो तुम्हाला कोणी हाक मारणार नाही."

राजा कलंडला आणि लगेच घोरू लागला. उदाजीने त्याच्या डोक्यावरचा मुकुट अलगद काढला, खिडकीतल्या कावळ्यांना दटावले, भाचीला खांद्यावर घेतले, आणि चपला हातात धरून पायऱ्या उतरला.