झुंबरआईचा अबोला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती, तर गावात पिठाची गिरणी यायच्याही आधीची. तेव्हा पहाट झाली की घराघरातून जात्यांची घरघर सुरू व्हायची, आणि वाट चुकलेला माणूस त्या आवाजाच्या मागं मागं चालत उंबरखडीला पोचायचा, असं म्हणतात.

नगरकडच्या कोरड्या मुलखातलं हे गाव. गावाच्या कडेला, माळाच्या अंगाला, ख्रिस्ती लोकांची थोडीशी घरं आणि एक मातीच्या भिंतींचं देऊळ. त्या घरांपैकी एका घरात झुंबर राहायची. जात्याला टाकी लावायचं तिचं काम. आता हे काम राहिलं नाही, म्हणून सांगायला हवं. दळून दळून जात्याचे दगड गुळगुळीत होतात. दिसायला छान दिसतात, पण मग वरून टाकलेला जोंधळा खालून तसाच अख्खा निघतो. तेव्हा लोखंडाची टाकी, म्हणजे छिन्नी, आणि हातोडी घेऊन दोन्ही दगडांवर परत बारीक बारीक घाव घालावे लागतात. झुंबर आणि तिचा नवरा लाजर खांद्याला पिशवी लावून वाड्या-वस्त्या फिरायचे आणि जाती लावून द्यायचे. झुंबरनं टाकी लावलेलं जातं नव्या नवरीच्या करंगळीनंसुद्धा फिरायचं, असं म्हणतात.

दोघांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीनं त्यांना तोडलं. गावानंही दारात उभं करायचं सोडलं. झुंबर रडायला लागली की लाजर हसायचा. म्हणायचा, "येडे, दगडाला भ्यालो न्हाई आपण, अन् माणसाच्या बोलण्याला भ्यायचं व्हय?" मग दोघं आणखी लांबच्या गावांना जायला लागले. पायाला फोड आले, पण प्रार्थनेत खंड पडला नाही. झुंबरला तर देवाशी बोलायची भारी हौस. जातं ठोकता ठोकता ती त्याला सगळं सांगायची, अगदी आमटीत मीठ जास्त झालं तेसुद्धा.

मग एका वर्षी पटकीची साथ आली. सकाळी चालता-बोलता लाजर दिवस मावळायच्या आत गेला. झुंबरनं पदर तोंडात धरला आणि गप्प राहिली. पण पाठोपाठ धाकटा दानीएल आजारी पडला. नुकता भिंतीला धरून चालायला लागलेला. झुंबरनं त्याला मांडीवर घेतलं, देवळात पार पुढं जाऊन बसली आणि म्हणाली, "देवा, घरधनी नेलास, म्या काही म्हणाले न्हाई. एवढं एक ठेव."

ते लेकरूही राहिलं नाही.

त्याला बापाशेजारी मातीआड करून ती घरी आली आणि शेजारच्या बायजाक्काला म्हणाली, "अक्का, आजपासून माझा अन् त्याचा अबोला."

"कुणाचा गं?"

"वरच्याचा. म्या मागितलं, त्यानं ऐकलं न्हाई. मग बोलायचं कशाला?"

बायजाक्कानं तिला पोटाशी धरलं.

सगळ्यांना वाटलं, झुंबर आता देवळाचं तोंड बघायची नाही. पण रविवारी घंटा झाली आणि बघतात तर झुंबर हजर. राहिलेली एकुलती एक लेक सलोमी बोटाला धरलेली. सलोमीला आत ढकललं आणि आपण बाहेर दगडी पायरीवर बसली, दाराकडं पाठ करून.

यिर्मयामास्तर तेव्हा शाळाही शिकवायचे आणि उपासनाही घ्यायचे. भोळा माणूस. ते बाहेर आले आणि म्हणाले, "झुंबरबाई, आत या ना."

"आत यायला आमचं बोलणं हाय का?"

"मग आलात कशाला?"

"अन् जाऊ कुठं मास्तर? बाई रुसली म्हणून घर सोडती का?"

मास्तर तसेच आत गेले, असं म्हणतात. त्या दिवशीची त्यांची लांबलचक प्रार्थनाही जरा आखूड झाली, आणि म्हाताऱ्यांनी मनातल्या मनात झुंबरचे आभार मानले.

असे किती रविवार गेले, कोण मोजणार? कोणी म्हणतं तीन वर्षं, कोणी म्हणतं सात. ऊन असो, पाऊस असो, झुंबर पायरीवर. पावसात त्या पायरीवर पोरं घसरायची, म्हणून एक दिवस तिनं टाकी काढली आणि जात्याला लावतात तशी बारीक टाकी सगळ्या पायरीला लावून दिली. देवाशी मात्र चकार शब्द नाही.

पण घरात अबोला धरला तरी संसार थांबतो का? भाकरी वाढायची असते, दाणे संपल्याचं सांगायचं असतं. मग बायका काय करतात? मधे लेकराला घालतात. "जा, सांग तुझ्या बाला, ताट वाढलंय." झुंबरनंही तेच केलं. पायरीवरूनच मागं न बघता ती म्हणायची, "सलोमे, सांग तुझ्या देवाला, छप्पर गळतंय म्हणावं."

सलोमी हात जोडायची आणि मोठ्यानं म्हणायची, "देवबापा, आई म्हणती, छप्पर गळतंय. मेहेरबानी करून..."

"मेहेरबानी कुठनं आली? म्या म्हणाले का तसं?"

"मास्तर तसं म्हणत्यात."

"मास्तर म्हणू देत. तू निरोप्या हायस. निरोपात भर घालायची न्हाई."

सगळं देऊळ खुसखुसायचं. मास्तरही पुस्तक तोंडापुढं धरायचे. घरी जाताना झुंबर इकडंतिकडं बघत विचारायची, "काही म्हणाला का?"

"कोण?"

"तुझा देव."

"न्हाई. पण ऐकत हुता."

"तुला काय ठावं?"

"तू गप बसून ऐकतीस तवा मला कसं कळतं? तसंच."

झुंबर लेकीचा हात जरा घट्ट धरायची.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरं गेली, माणसं तरवडाच्या बिया आणि रानातला पाला शिजवून खायला लागली. पहाटेची जात्यांची घरघर बंद झाली. दळायला दाणाच नव्हता. आणि त्या दिवसांत झुंबर काय करायला लागली? पिशवी खांद्याला लावून घरोघरी जायची आणि जाती लावून द्यायची. फुकट! ज्यांनी तिला दारात उभं केलं नव्हतं त्यांच्याही ओसरीवर जाऊन उभी राहिली. एवढ्या संकटात नको कोण म्हणणार? फक्त विचारायचे, "अगं, दाणा न्हाई घरात, जात्याला टाकी कशाला?"

ती म्हणायची, "दाणा यील तवा जातं तयार नको? पाव्हणा आल्यावर चूल सारवायला घेता का?"

बायजाक्का दिवसभर तिची गंमत बघायची. एकदा म्हणाली, "काय गं, बोलत न्हाईस त्याच्याशी, अन् इस्वास तर सगळा त्याच्यावरच!"

"इस्वास निराळा, अक्का. बोलणं निराळं."

असं करता करता उंबरखडीत एकही जातं राहिलं नाही ज्याला तिचा हात लागला नव्हता. पाटलाच्या वाड्यापासून पार माळावरच्या झोपडीपर्यंत. आणि सगळी जाती उपाशी.

त्याच उन्हाळ्यात सलोमीला ताप भरला. आधीच पोटात काही नाही, त्यात ताप. पोरगी अशी फणफणली की कपाळावर ठेवलेलं फडकं वाळून जायचं. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले, हाक मारली तरी ओ नाही. मास्तर मदत मागायला तालुक्याला गेलेले. वैदूनं येऊन नाडी बघितली आणि औषध न देताच चपला घातल्या.

भर दुपारी झुंबरनं लेकीला उचललं आणि देवळाकडं चालली. मागून बायजाक्का पळत आली. झुंबर आत गेली नाही. सवयीनं पायरीवर बसली, सलोमीला मांडीवर आडवं केलं आणि तोंड उघडलं, "सलोमे, सांग तुझ्या..."

आणि तिथंच थांबली. कोण सांगणार? निरोप्याच मांडीवर निपचित पडला होता.

बायजाक्काच्या डोळ्यांना पाणी आलं. ती म्हणाली, "थांब, म्या सांगते." तिनं दाराकडं तोंड करून हात जोडले. "देवबापा, ही झुंबर म्हणती, पोरीला जरा बरं वाटत न्हाई. तुला जमलं तर..."

"तसं न्हाई गं!" झुंबर म्हणाली. "जरा काय? मरायला लागलीय पोरगी!"

"बरं. देवबापा, पोरगी लई आजारी हाय. तुझी विच्छा असंल तसं..."

"अगं तसं न्हाई! त्याला म्हणावं, मागच्या बारीलाबी म्या हितंच आले हुते. एवढं एक ठेव म्हणाले हुते. लई न्हवतं मागितलं. दानीएलला दात पण चार आले हुते. चार! अन् तू नेलास. लाजर नेलास तवा म्या काही बोलले का? आता का नेलंस ते सांगू नको, सांगितलंस तरी मला पटायचं न्हाई..."

बायजाक्कानं हळूच हात खाली घेतले आणि बाजूला सरकली. झुंबर आता दाराकडं वळली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं तोंड आत होतं.

मग ती जे बोलत सुटली, ते सगळं बोलली. रागानं बोलली, रडून बोलली, एकदा तर "लाज वाटत न्हाई का तुला" असंही म्हणाली. आणि ती बोलायला लागली तशी, असं म्हणतात, गावातली जाती घरघरायला लागली. कोणी खुंट्याला हात लावला नव्हता. दाणा तर नव्हताच. तरी पाटलाच्या घरचं मोठं जातं हललं, मग त्याच्या शेजारचं, मग पलीकडच्या आळीतलं. बायका घाबरून बाहेर आल्या. "अगं, माझं जातं!" "माझंबी!" आवाज सगळ्या गावभर भरून राहिला, आणि त्या आवाजाच्या मागं मागं बायका चालायला लागल्या त्या देवळाच्या अंगणात येऊन थांबल्या. ज्यांनी कधी त्या अंगणात पाय ठेवला नव्हता, त्याही.

एक जण बायजाक्काला म्हणाली, "अहो, देवाला असं बोलतात का? गप करा तिला."

बायजाक्का म्हणाली, "बोलू द्या. टाकी लावल्यावर पहिल्या पिठात दगडाची कचकच येतीच. तुम्हाला न्हाई का ठाऊक?"

सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या तिथंच खाली बसल्या.

बोलून बोलून झुंबरचा आवाज बसला. राग सरला, रडू सरलं. तिनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाली, "ठेव म्हणते म्या. ठेव. पण न्यायचीच असंल, तर तुझीच हाय, तू ने. मला सोसायचं न्हाई, तरी ने. एक मात्र सांगून ठेवते. नेलीस तरी पुढच्या रविवारी म्या येणार. अन् आत येऊन बसणार. भांडायचं तर तोंडानं भांडीन, पण आता गप बसायची न्हाई. लई एकटं वाटलं मला."

आणि जाती थांबली.

इतकं शांत झालं की पाखराचा पंख वाजला असता तरी ऐकू आला असता. त्या शांततेत सलोमीच्या कपाळावर घाम फुटला. बघता बघता झुंबरचा पदर ओला झाला. पोरीनं डोळे किलकिले केले आणि विचारलं, "आई, कुणाशी बोलतीस गं?"

झुंबर हसली की रडली, कोणालाच नीट सांगता येत नाही. म्हणाली, "हाय एक जण. आपल्या वळखीतला."

पुढं पाऊस झाला, दाणे आले आणि गावातली जाती पहाटेपासून चालायला लागली. पण झुंबरचं सगळं सोपं झालं असं कोणी समजू नका. दगडाची कपची उडून तिचा एक डोळा गेला. मग दुसराही अधू झाला. सलोमीचं लग्न लांबच्या गावी झालं आणि घर रिकामं पडलं. प्रत्येक वेळी झुंबर देवळात जाऊन मोठ्यानं भांडली आणि प्रत्येक वेळी भांडून झाल्यावर तिथंच बसून गाणं म्हटलं. बोटांनी चाचपून चाचपून ती जाती लावायची. म्हातारपणी तिला सगळे झुंबरआई म्हणायला लागले. कोणाच्या घरात दुःख झालं की काठी टेकत जायची. धीर धर, देवाची इच्छा, असलं काही बोलायची नाही. शेजारी बसायची आणि म्हणायची, "तुला त्याच्याशी बोलवंना न्हवं? राहू दे. काय सांगायचं ते मला सांग. म्या जाणारच हाय तिकडं."

एका रविवारी ती तशीच निघून गेली, आत बसल्या बसल्या, गाणं अर्धं झालेलं असताना. राहिलेलं गाणं कोणीतरी पुरं केलं, पण कोणी, ते आजवर कळलेलं नाही, असं म्हणतात.

आता उंबरखडीला गिरणी आहे. मातीचं देऊळ जाऊन दगडाचं झालं, वर पत्रे आले, पंखे आले, माईक आला. पायरी मात्र तीच ठेवली. इतकी माणसं तिच्यावर बसून गेली, पण ती गुळगुळीत होत नाही. टाकीचे घाव काल लावल्यासारखे हाताला लागतात.

आणि अजूनही तिथं असं आहे की ज्याचं देवाशी बिनसलं असेल त्यानं पायरीवर बसावं. त्याला कोणी आत बोलवत नाही, कोणी कारण विचारत नाही. थंडी असली तर कोणीतरी चहाचा कप बाजूला ठेवून जातं. प्रार्थनेच्या आधी उपासना घेणारे पाळक थांबतात आणि दाराकडं बघून विचारतात, "पायरीवरून काही निरोप?" मग मागच्या रांगेतलं कोणीतरी उठून बाहेर जातं, खाली वाकून ऐकतं आणि आत येऊन जसंच्या तसं सांगतं. भर घालायची नाही, हा नेम आहे. एका म्हाताऱ्यानं निरोप दिला होता, "गुडघे द्यायचे तर नीट द्यायचे हुते म्हणावं." कॉलेजातल्या एका पोरानं नुसतं "का?" एवढंच पाठवलं. तेही तसंच सांगितलं गेलं आणि सगळे त्यावर आमेन म्हणाले.

गेल्या नाताळाच्या आधीच्या रविवारी एक बाई आली होती. परगावची, तरणीच होती. मांडीवर शालीत गुंडाळलेलं लेकरू. पाळकांनी विचारलं तशी मागच्या रांगेतली एक आजी उठून बाहेर गेली, कमरेवर हात ठेवून वाकली. बाईनं मान हलवली. काही नाही. आजीनं बाळाच्या पायावरची शाल नीट केली आणि आत आली.

"काय निरोप?" पाळकांनी विचारलं.

आजी म्हणाली, "आलीय."

"आमेन," सगळे म्हणाले, आणि प्रार्थना सुरू झाली.