घुशीचं कोरडं बीळ

फार जुनी गोष्ट. जांभूळबनात पिल्लांची एक शाळा होती आणि तिथले धडे म्हणजे बिया! हुंगून ओळखायचं, कुठली खायची नि कुठली विषारी. मोठ्या बाई झुबकाबाई खार त्या बिया ढोलीत ठेवायच्या. पण ढोली गळकी, त्यामुळे बिया कुजायच्या.

एके दिवशी घूस आली. "बाई, माझं बीळ कसं कोरडं ठणठणीत! सगळं माझ्यावर सोपवा, राखण माझी."

पिल्लांनी उड्याच मारल्या. बाईंचंही शेपूट फुललं. सुटलो एकदाचे! त्यांनी करंजाची बी बिळात टाकली आणि ती घरंगळत पार खोल गेली.

पण खारच ती! ठेवलेलं पुन्हा काढून बघितल्याशिवाय तिला चैन कुठलं?

"आता द्या बघू ती परत."

"परत?" घूस गोंधळली. "अहो, मी आत टाकायची वाट खणलीय. बाहेर काढायची आजवर कुणी मागितलीच नाही!"

बाईंनी टुणकन उडी मारली. "पोरांनो, पळा! जुन्या पोळ्याचं मेण आणा. आपली ढोली आपणच लिंपू!"

बनभर एकच कल्ला झाला.

पुढे बाई म्हाताऱ्या झाल्या. पण ढोली गळली म्हणून त्यांना बोलवायला कधी कुणी आलं नाही. पोरं आधीच दातांत मेण धरून वर चढलेली असायची.