जोकीमबाबांचा क्यूबन सँडविच

वसईकडच्या एका गावात पास्कू नावाचा एक भोळा तरुण राहायचा. भोळा म्हणजे किती? एकदा आई "जरा दाराकडे लक्ष ठेव" असं सांगून चर्चमध्ये गेली. तेवढ्यात चोर खिडकीतून शिरला, पितळेची भांडी घेऊन खिडकीतूनच गेला. पास्कू दाराकडे बघत बसला होता. दारातून कुणी आलंच नाही, त्याला तो काय करणार?

त्याचे इनासमामा जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होते. देशोदेशीच्या बंदरांत जेवून आणि जेवू घालून ते गावी परतले आणि नाक्यावर त्यांनी टपरी टाकली. वर पाटी लावली, 'अस्सल क्यूबन सँडविच'. गावाला पाव नवा नव्हता, डुकराचं मटणही नवं नव्हतं. दोन्ही एकत्र करून दाबून खायचं, हे मात्र नवं होतं.

मामांना मूलबाळ नव्हतं. टपरी पुढे पास्कूने चालवावी आणि गावातल्या जोकीमबाबांच्या मुलीशी, कतरिनशी, त्याचं लग्न व्हावं, एवढीच त्यांची इच्छा. पास्कूला कतरिन फार आवडायची. कतरिनलाही पास्कू आवडायचा. प्रेम आंधळं असतं, त्याला इलाज नाही.

डोळस होते ते जोकीमबाबा. ते म्हणाले, "रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की टपरीवर येतो. पोराच्या हाताला काम आहे की नाही ते बघतो. असेल तर मुलगी दिली. नसेल तर आमचा रस्ता आम्हाला, तुमचा तुम्हाला."

मामांनी लगेच शिकवणी सुरू केली.

आधी मटण. "हे लसूण, जिरं, लिंबू नि मोसंब्याच्या रसात मुरवायचं. तिकडे आंबट संत्री वापरतात, आपण मोसंब्यावर भागवू. मुरल्याशिवाय चव नाही. ध्यानात ठेव."

पास्कूने ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मामांनी बेकरीतून लांब पाव आणायला सांगितला. त्याने पाव आणला आणि रसाच्या पातेल्यात बुडवला.

"पाव कुठाय रे?"

"मुरतोय, मामा."

मामांनी झाकण उघडलं. आत पेज झाली होती. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, पाव मुरवत नाहीत! त्याला बाहेरून लोणी फासायचं आणि तापवायचा!"

"असं आधी सांगायचं ना," पास्कू म्हणाला.

मग चीज आलं. भोकाभोकांचं, महागडं, मुंबईहून मागवलेलं. पास्कूने त्याला बाहेरून लोणी फासलं आणि तापल्या तव्यावर ठेवलं. चीज वितळलं, तव्यावरून उतरलं, शेगडीत गेलं आणि शेगडी विझली.

"चीज पातळ कापायचं असतं रे!" मामा ओरडले. "कागदासारखं पातळ!"

"असं आधी सांगायचं ना."

त्यानंतर शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, मुरवलेल्या काकड्यांची पाळी. पास्कूने त्या कागदासारख्या पातळ कापल्या. आता काकड्या पातळच कापायच्या असतात. आंधळ्याचा दगड नेमका लागला! पण मामांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पोरगं सुधारलं, असं त्यांना खरंच वाटलं.

त्या आनंदात ते गोष्टी सांगायला बसले. "क्यूबाची माणसं समुद्र ओलांडून अमेरिकेत चिरूट वळायला गेली, पासक्या. दिवसभर चिरूट वळायचे आणि दुपारी हा पाव खायचे. आत भाजलेलं मटण, हॅम, चीज, काकडी आणि पिवळीजर्द मोहरीची चटणी. टँपा गावात इटलीवाले शेजारी होते. तिथले लोक त्यात सलामीही घालतात, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या चकत्या. मायामीवाले म्हणतात, सलामी घातली की तो क्यूबन नव्हेच. अजून भांडतायत."

"मग मायामीवाले सलामी बाजूला काढून का खात नाहीत?"

मामांनी विषय बदलला.

"आता शेवटचं. सगळं रचून झालं की वर वजन ठेवून दाबायचं. चपटा झाला नाही तर तो क्यूबन नाही. आवाज येईल, वाफ येईल, घाबरून वजन काढायचं नाही. जितका आवाज जास्त, तितका सँडविच झकास. मग मधोमध तिरका कापायचा. अर्धा इथे वाढायचा, अर्धा कतरिनच्या आईला बांधून द्यायचा. ती खूश तर सगळं घर खूश."

रविवारी मामा मिस्साला निघाले. तिथून ते टपरीला आशीर्वाद द्यायला फादरांना घेऊन येणार होते. जाताना म्हणाले, "जोकीमबाबा माझ्या आधी पोचतील. आज तुझं सगळं लक्ष त्यांच्यावर. शिकवलंय ते सगळं कर, एकही गोष्ट गाळू नकोस. लग्नाचा प्रश्न आहे."

"एकही नाही गाळणार," पास्कू म्हणाला.

जोकीमबाबा आले ते उन्हाने घामाघूम होऊन. टपरीमागच्या खाटेवर गादी होती. "जरा पाठ टेकतो," म्हणाले आणि डोळे मिटून आडवे झाले.

पास्कूने पातेलं आणलं आणि लसूण, जिरं, लिंबू, मोसंबी, सगळं त्यांच्या अंगावर ओतलं.

"हे काय रे?" जोकीमबाबा दचकले.

"मुरायला पाहिजे, बाबा."

मुलीच्या बापाने पहिल्याच भेटीत आरडाओरडा करणं बरं दिसत नाही. बोटीवरची काही पद्धत असेल, असं म्हणून ते पुन्हा आडवे झाले. पास्कूने त्यांच्या पोटावर काकड्या मांडल्या, चीज पसरलं. मग दोन्ही गालांना मोहरीची चटणी चोळली.

"अरे, हळद नवऱ्याला लावतात, सासऱ्याला नाही!"

पास्कूने दुसरी गादी आणली. तिला बाहेरून लोणी फासलं. उन्हात ती आधीच तापली होती. ती त्याने जोकीमबाबांवर घातली, तिच्यावर फळी टाकली, फळीवर पाटा ठेवला. तरी बाबा चपटे होईनात, म्हणून तो स्वतः वर चढून बसला.

"मेलो! उठ!"

आवाज आला. पास्कू खूश झाला.

"सोड रे! मुलगी दिली! आत्ता दिली! लग्नाचा खर्चही माझा!"

पास्कूचा ऊर भरून आला. कतरिन आपली झाली! इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. पण घाबरून वजन काढायचं नाही, हे त्याच्या ध्यानात होतं. तो आणखी घट्ट बसला.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून इनासमामा धावत आले. मागून फादर, त्यांच्यामागून कतरिन. बघतात तर पास्कू वर बसलाय, एका हातात पावाची सुरी आहे आणि दुसऱ्या हाताने तो डोकं खाजवतोय.

"मामा, बरं झालं आलात," तो म्हणाला. "बाबांनी मुलगी दिली. आता एवढंच सांगा, कतरिनच्या आईला कुठला अर्धा बांधून देऊ? डोक्याकडचा, की पायांकडचा?"