आरोळी आधी, चेंडू नंतर

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला असे वाटू लागले, की जगातली प्रत्येक आनंदाची गोष्ट आपल्या शेजाऱ्याकडे आधी पोहोचते आणि आपल्याकडे शिळी होऊन येते.

निमित्त क्रिकेटचे होते. व्यापारी घरच्या टीव्हीवर सामने इंटरनेटवरून पाही. भिंतीपलीकडचे खटावकर तेच सामने गच्चीवर बसवलेल्या डिश अँटेनावरून पाहत. दोघेही एकाच संघाचे. पण समोरचा गडी बाद झाला, की खटावकरांच्या घरातून आरोळी उठे, आणि त्या वेळी व्यापाऱ्याच्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पँटला पुसत असे.

व्यापाऱ्याने कंपनीला फोन केला. बराच वेळ सनई ऐकवून झाल्यावर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, राउटर एकदा बंद करून चालू करा." त्याने केले. मग तंत्रज्ञ आला. मोबाइलवर वेग मोजून म्हणाला, "शेठ, लाइन झकास आहे."

"झकास आहे, तर तो आधी ओरडतो कसा?"

"ते डिशवर बघतात. नेटचं चित्र जरा मागे असतंच."

"म्हणजे मी मागे."

"तुम्ही नाही हो शेठ, चित्र," असे म्हणून तंत्रज्ञाने पिशवी आवरली.

व्यापाऱ्याने कंपनी बदलली. आरोळी आधीच आली. पुन्हा बदलली, पुन्हा तेच. "मग आपणही डिश घेऊ या," बायको म्हणाली. "त्याचं बघून? मुळीच नाही," तो म्हणाला. आता तो सामना लागला की आवाज मोठा करून बसे आणि एक कान भिंतीकडे ठेवी. जिन्यात खटावकर भेटले आणि "काल काय खेळले हो आपले लोक" म्हणाले, तर हा चपलेचा अंगठा नीट करीत खाली बघे.

शेवटी त्याने ठरवले, की रविवारी सोसायटीच्या बैठकीत विषय काढायचा. गच्ची सामाईक आहे. खटावकरांची डिश तिथून हलली पाहिजे. तसे झाले तर पंधरा वर्षांचा शेजार संपणार, हे त्याला कळत होते. म्हणून तो आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला आणि त्यांना सारे सांगितले. दर गुरुवारी त्यांच्याकडे तो उपनिषदे वाचायला बसत असे.

"ती डिश कोणाच्या वाटेत येते का रे?" गुरुजींनी विचारले.

"वाटेत येत नाही. पण न्याय म्हणून काही आहे की नाही? तुम्हीच एकदा येऊन पाहा."

पुढच्या सामन्याच्या दिवशी गुरुजी आले. व्यापाऱ्याने त्यांना टीव्हीसमोरची चांगली खुर्ची दिली. गुरुजींनी ती उचलून फिरवली, टीव्हीकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून शांतपणे बसले. चहा घेऊन आलेली व्यापाऱ्याची बायको नवऱ्याकडे पाहतच राहिली.

"गुरुजी, सामना इकडे आहे," व्यापारी ओशाळून म्हणाला.

"असू दे. तू रोज जिकडे पाहतोस, तिकडे पाहतो आहे."

तेवढ्यात पलीकडून आरोळी उठली. गुरुजी हसले. व्यापाऱ्याचे ओठ मिटले गेले. काही क्षणांनी पडद्यावर समोरच्या कर्णधाराचा त्रिफळा उडाला, तरी त्याने टाळी वाजवली नाही.

गुरुजी म्हणाले, "बाळ, त्रिफळा तुझ्याकडे आला तेव्हा अर्धा होऊन आला होता का? तो पुरताच आला. ही भिंत हातभर जाड असती, तर हीच कंपनी तुला उत्तम वाटली असती. तुझा उशीर तारेत नाही, तुझ्या कानात आहे. आणि मला खरे आश्चर्य याचे वाटते, की पलीकडून जी आरोळी आली, ती आपला संघ वरचढ झाल्याची होती. तुला शुभवार्ता सर्वांच्या आधी कळते, आणि ती ऐकून तुझा चेहरा पडतो. खटावकरांची डिश काढशील. त्यांचा आनंद तुला सोसत नाही, ते कुठल्या बैठकीत मांडशील?"

सामना पुढे सरकला, शेवटच्या षटकापर्यंत आला. पडद्यावर गोलंदाज अजून क्षेत्ररक्षक हलवत होता, आणि पलीकडे अख्खे घर ओरडले. व्यापाऱ्याचा हात सवयीने रिमोटकडे गेला, आवाज वाढवायला. तो तिथेच थांबला. मग तो उठला आणि बाल्कनीत गेला.

"काय हो खटावकर, काय झालं?"

पलीकडच्या बाल्कनीतून खटावकरांचे डोके बाहेर आले. "तुम्हाला दिसलं नाही अजून?"

"आमच्याकडे यायचंय."

"मग सांगू की नको? मजा जाईल तुमची."

"सांगा."

"जिंकलो आपण," खटावकर म्हणाले. "उद्या जिन्यात पेढे खाल्ल्याशिवाय खाली उतरायचं नाही."

व्यापारी आत आला. बायकोला म्हणाला, "जिंकलो." गुरुजींना म्हणाला, "रविवारी मी तो विषय काढत नाही."

मग तो पडद्यासमोर बसला. गोलंदाज आता कुठे धावू लागला होता, आणि त्याला येऊ देण्याइतका वेळ व्यापाऱ्याकडे होता.