धूम्रेशाच्या पोथीचे तीन वाचक

एका राज्यात वाईट म्हणायची सोय नव्हती. कायदा नव्हता हो तसा, रीत होती. दरबारात कुणी गायलं, कुणी पोथी वाचली, की राजापासून भालदारापर्यंत सगळ्यांनी ओळीने ‘अप्रतिम’ म्हणायचं. गाणाऱ्याचा गळा बसलेला असो, ऐकणाऱ्याला डुलकी लागलेली असो, अप्रतिम ते अप्रतिमच. राजा भानुध्वज स्वभावाने मऊ. कुणाचं मन दुखवू नये म्हणून त्याने ही रीत पाडली, आणि मनं जपता जपता सगळं राज्य खोटं बोलायला शिकलं.

अशा या दरबारात एके सकाळी धूम्रेश नावाचा मांत्रिक आला. काखेत पोथी, खांद्यावर साळुंकी. बारा वर्षं खपून त्याने एका तरुण वीराच्या शोधयात्रेची कथा लिहिली होती. शापित खजिना, तीन संकटं, सगळं यथासांग. दिवसभर त्याने ती वाचली आणि शेवटी हात जोडून म्हणाला, की कुठं रंगली, कुठं फसली, एवढं मला खरं सांगा, बिदागी नको, शेला नको. झालं, ओळीने सुरू! अप्रतिम, अप्रतिम, अप्रतिम. मांत्रिकाचा चेहरा उतरत गेला. शेवटची पाळी राजपुत्र अरुणकेतूची. पोरगं सोळा वर्षांचं, एकुलतं एक, लाडाने पार डोक्यावर चढवलेलं. कथा चालू असताना ते गालिच्याचे दोरे उपसत बसलं होतं. जांभई दाबत ते म्हणालं, “अप्रतिम. विशेषतः नायक.”

“नायकाने काय केलं?” धूम्रेशाने विचारलं.

आता काय सांगणार, कप्पाळ! मांत्रिकाने पोथी उघडून धरली, एक फुंकर घातली, आणि राजपुत्र होता तिथं नुसता गालिचा उरला.

राणी रेवावती किंचाळून उठली. धूम्रेशाने शांतपणे अट सांगितली. मुलगा आता पोथीत नायक झाला. पोथी मांत्रिकाची, पण यापुढचं वागणं मुलाचं. तो करील ते पानावर उमटेल. ज्यांनी आज अप्रतिम म्हटलं त्यांच्यातल्याच तिघांनी, रोज एकाने, ती वाचावी आणि सूर्य मावळायच्या आत आपलं मत सांगावं. एक मत जरी खरं निघालं तरी मुलगा सुटेल. पण पहिल्या खोट्या मताबरोबर त्याचं चालणं पुसलं जाईल, दुसऱ्याबरोबर पाहणं, आणि तिसऱ्याबरोबर श्वास. खरंखोटं साळुंकी सांगेल. एवढं बोलून तो दरबाराच्या पायरीवर जाऊन बसला.

पहिल्या दिवशी पोथी घेतली राजपंडित वागीशांनी. पानावर अरुणकेतू अग्नितळ्यापाशी पोचला होता. नावाड्याच्या भागी नावाच्या पोरीने आपली होडी त्या ज्वाळांतून घातली, तळ्यामधल्या सोन्याच्या हंसाचं पीस त्याने उपटलं, आणि काठावर उतरून तो आनंदाने धावला. वागीशांनी मधली पानं चक्क गाळली. पंडितच ते, त्यांना वाटलं, एक तळं वाचलं म्हणजे सगळी तळी वाचली. मावळतीला त्यांनी रस काढले, अलंकार काढले आणि कथेला अमृताची उपमा दिली.

“खोटं,” साळुंकी म्हणाली.

पानावर ‘अरुणकेतू’ एवढंच राहिलं, पुढचा ‘धावला’ गेला. तिथं कोरी जागा. राणीने त्या जागेवरून बोट फिरवलं, तर कागद बर्फासारखा गार. खालच्या ओळीत भागीने त्याला पाठुंगळी घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सेनापती रणधवल बसला. गडी मोठा हुशार! त्याने हिशेब केला, की स्तुती खोटी ठरली त्या अर्थी निंदा खरी असणार. पोथीत भागी राजपुत्राला पाठीवर घेऊन सात फण्यांच्या नागासमोर उभी होती. राजपुत्राने फण्यावरचा मणी ओढला, नागाने भागीच्या दंडाला डंख मारला, तरी पोरीने त्याला खाली पडू दिलं नाही. हे वाचताना सेनापतीने पागोट्याच्या टोकाने दोनदा डोळे टिपले, साऱ्या दरबाराने पाहिलं. आणि मावळतीला उठून म्हणतो कसा, की कथा भिकार, नाग कागदी, एका अक्षराने माझं मन हललं नाही.

“खोटं,” साळुंकी म्हणाली. पानावरचा ‘पाहिलं’ हा शब्द विरघळून गेला.

तिसऱ्या दिवशी राजा म्हणाला, की मी वाचतो. राणीने पोथी त्याच्या हातून काढून घेतली. तिने सांगितलं, की तुम्ही रडाल, आणि रडता रडता गोडच बोलाल. ती वाचायला बसली. पान न पान वाचलं, पाण्याचा घोट घेतला नाही.

तिसरं संकट होतं खजिन्याचं दार. भागीने आंधळ्या, पांगळ्या राजपुत्राला उंबऱ्याशी अलगद बसवलं आणि पेटी आणायला ती आत गेली. पेटी तिने बाहेर त्याच्या हाती दिली, तेवढ्यात दार बोललं, “सोबती आत ठेवील त्याचा खजिना. खजिना ज्याचा, तो घरी जाईल.” अरुणकेतू क्षणभर थांबला. मग त्याने भागीला आत ढकललं, चाचपडत अडसर शोधला आणि सरकवला. खाली सुंदर अक्षरात उमटलं, ‘धन्य तो वीर’. पण घर काही आलं नाही. पेटी कवटाळून तो अंधारात बसून राहिला. आतून दार वाजत होतं.

राणीने पान खाली ठेवलं. उन्हाची तिरीप दरबाराच्या शेवटच्या खांबावर आली होती.

राजा तिच्या कानाशी लागला, की तो आत सगळं ऐकतोय, पोराचं मन मोडेल, जपून बोल. राणीने सुरुवात केली, “माझा अरुण शूर...” आणि साळुंकीने मान फिरवली. पानावरची शाई फिकी झाली. आईचा जीव तो! खरं बोलावं तर लेकाला जन्मभर टोचेल, न बोलावं तर लेकच उरत नाही.

तिने दोन्ही हात पोथीवर ठेवले.

“अरुण, पहिल्या पानापासून तू जिंकावास असंच मला वाटत होतं. तू अडसर लावलास तेव्हा मला तुझी लाज वाटली. इतकी, की पान मिटावंसं वाटलं. आणि तरीही तू जिंकावास असंच वाटत होतं. ज्याने ‘धन्य’ लिहिलं तो चुकला. मला हा नायक आवडला नाही. तो माझा मुलगा आहे.”

 असं बोलणं त्या छताखाली कुणी ऐकलंच नव्हतं.

“खरं,” साळुंकी म्हणाली. “राजपुत्रा, वाट मोकळी आहे. बाहेर ये.”

पण तो येईना. उन्हाची तिरीप खांबावरून निसटली. राजा पोथीवर वाकून हाका मारू लागला. राणी मात्र पानावरची नजर काढेना. तिथं ‘धन्य तो वीर’ पुसट होत होतं आणि त्याच्या खाली एकेक अक्षर सावकाश उमटत होतं. अरुणकेतूने पेटी सोडली. अरुणकेतू दाराकडे सरपटला. अरुणकेतूने अडसर काढला.

मग गालिच्यावर दोघं उभी होती, राजपुत्र आणि पोथीतली ती पोर, हाडामांसाची. त्याला पाय होते, दृष्टी होती. भागीचा दंड सुजून काळानिळा पडला होता. राणी धावली ती आधी भागीकडे. तिला जवळ घेतलं, वैद्याला बोलावलं, स्वतःच्या शालूची चिंधी फाडून दंडाला बांधली. अरुणकेतू बाजूला उभा राहिला.

शाप सुटला. राजाने दवंडी पिटून ती रीत मोडली. वागीशांनी गाळलेली पानं बसून वाचली. धूम्रेश पोथी न्यायला आला, तेव्हा राणीने त्याला सांगितलं, की नाग उत्तम साधलाय, पण मधलं अरण्य चार पानं जास्त आहे. मांत्रिक तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला.

भागीचा दंड बरा होईपर्यंत अरुणकेतूने रोज तिची पट्टी बदलली. धूम्रेशाच्या पोथीतून ती आपल्या तळ्याकाठी परत गेली त्या दिवशी तो आईपाशी आला. 

“आईसाहेब, मी राजा व्हायच्या लायकीचा आहे का?”

“अजून नाही,” राणी म्हणाली.

त्याने मान हलवली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.